आरसा, खांदा, निघाले

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा ब्रेक मारला! मी गॅसवरून गरम पातेलं उचललं आणि टेबलाखाली नवऱ्याचा पाय खाडकन फरशीवर. बारा वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय तयार ठेवायचा – एवढंच याचं काम. घरातही तेच. मी स्टुलावर चढले – ब्रेक. पोरगी जिन्यापाशी गेली – ब्रेक. आठवा महिना लागलाय, उठताना जरा कण्हले – ब्रेक.

आणि आता पोरगीही मारते! पावणेतीन वर्षांची टीचभर पोर, आणि माझ्या हातून चमचा सुटायच्या आत तिचा पाय जमिनीवर. हा पोट धरून हसला. मी हसले नाही. घरात एक होता तो पुरेसा नव्हता.

५ फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या बाईंनी बोलावलं. आमच्या पाणी तपासणीच्या लॅबच्या प्रमुख. गाडी घेऊन टाक्या-विहिरींवर जाऊन नमुने आणायची जागा रिकामी आहे, सगळ्यांत जुनी मी, तेव्हा पहिला हक्क माझा. अट एकच – स्वतःला गाडी चालवता आली पाहिजे. मी पोटावरून हात फिरवला असेन, कारण त्या म्हणाल्या, "पोटाशी मला देणंघेणं नाही. बाळंतपण झाल्यावर या रुजू व्हायला. पण चौदा मार्चला टेबलावर लायसन्सची कॉपी दिसली पाहिजे."

नाही दिसली तर जागा हसऱ्याला. शेजारच्या टेबलावरचा. माझ्याहून सात वर्षांनी लहान, बाटल्या धड धूत नाही, पण लायसन्स आहे आणि पोट नाही. "ताई, तुम्ही आता आराम करा" म्हणतो, बत्तीशी दाखवत. अंगाचा तिळपापड होतो!

अकरा वर्षं मी बिनखिडकीच्या खोलीत बसून दुसऱ्यांनी आणलेलं पाणी बघतेय. बाटली येते, चिठ्ठी वाचायची, थेंब काचेच्या बशीत, बशी उबेच्या कपाटात, दुसऱ्या दिवशी जंतूंचे ठिपके मोजायचे. विहीर कुठली, टाकी कुठली, कोण पितं ते पाणी – मला फक्त चिठ्ठी. मला ती टाकी बघायची आहे. जन्मात एकदा तरी नळाखाली माझा हात हवा.

जागा निघणार हे कानावर होतं, म्हणून शिकाऊ लायसन्स मी जानेवारीतच काढलंय. लॅबच्या बाटल्यांच्या खोक्यात तळाशी ठेवलंय. नवऱ्याला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

का नाही सांगत? लिहूनच ठेवते.

लग्न झाल्यावर एकदा यानेच शिकवायला नेलं होतं. सरावाच्या मैदानावर. पाच मिनिटांत मी कुंपणाच्या भिंतीला गाडी लावली – तीन विटा पडल्या, तीनच! त्या तीन विटांवर हा आज सहा वर्षं जेवतोय. कुणीही घरी येवो – पाहुणा, मित्र, गिझर दुरुस्त करणारा – "आमच्या हिने एकदा भिंत पाडली." मग हसणं. मग माझ्याकडे बघून, "तू आपली शेजारच्या सीटवरच बरी." दरवर्षी विटा वाढतात. मागच्या खेपेला आख्खी भिंत होती.

म्हणून मी दुसरीकडे जाते. याच्या धंद्यातली एकच स्पर्धक – चष्मेवाल्या बाई. पुलापलीकडचं ड्रायव्हिंग स्कूल. हा त्यांचं नाव काढलं तरी नाक मुरडतो, कारण त्या शिकणाऱ्याला तोंडाने बोलायला लावतात. जे करायचं ते आधी मोठ्याने म्हणायचं: आरसा. इंडिकेटर. खांदा – म्हणजे खांद्यावरून मागे बघायचं. निघाले. हा म्हणतो, गाडी काय तोंडाने चालते? आणि बाई म्हणतात, तोंडात नाही ते पायात कुठून येणार.

मला साडेतीनला सुटी. पोरीला पाळणाघरातून उचलायचं, तिला मागच्या सीटवर बांधायचं आणि तास. दुसरं कोण सांभाळणार तिला? हा साडेसातला येतो, तोवर सगळं जिथल्या तिथे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सीट मागे घेतली की पाय पोचत नाहीत. पुढे घेतली की पोट स्टिअरिंगला टेकतं. पाठीला उशी लावून कसंबसं जमवलं. वळणावर हॉर्न आपोआप वाजला. बाई म्हणाल्या, "हा कुणी मारला?" मी म्हटलं, पोटातल्याने. पहिल्यांदा हसल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पोपटीण झालीय आमची! आज नळापाशी उभी. माझी रिकामी बाटली घेतलेली. नळाच्या तोंडाला खोटी काडी लावली – नमुन्याआधी नळ ज्योतीने तापवतात, मी घरी करून बघते तसं – मग पाणी सोडून "एक, दोन, तीन, वीस" मोजलं, मग बाटली भरली. आणि झाकण? करंगळीत धरलेलं! झाकण खाली ठेवायचं नाही हे मी तिला कधी सांगितलं? हसऱ्याला चार वर्षं सांगतेय.

मग याच्या चहाचा नमुना घेतला. याने मुकाट दिला. वर म्हणाला, "रिपोर्ट कधी?" ती म्हणाली, "उद्या. आता नाही." माझाच आवाज, माझ्याच कपाळावरची आठी. अशी दिसते मी? अशी बोलते?

१९ फेब्रुवारी, बुधवार

पोटात गोळा आला. आधीच एक आहे, त्यात आणखी एक!

जेवताना पोरगी खुर्चीवरून उतरायला निघाली. उतरायच्या आधी म्हणाली, "आरसा. खांदा. निघाले." मान वळवून मागे बघितलं आणि उतरली.

याचा घास हातात राहिला. "हे कुणी शिकवलं हिला?"

मी सांगितलं, पाळणाघरातल्या बाई गाडी शिकताहेत म्हणे, दिवसभर पुटपुटत असतात. बोलताना मी पाणी ओतत होते, त्यामुळे माझं तोंड त्याला दिसलं नाही. हा "बरं" म्हणाला. भाजी आणखी मागितली.

सुटले! याला काय, बायको कुठे जाते, काय करते, विचारायची कधी गरजच वाटली नाही. तीच बेफिकिरी आज उपयोगी पडली.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज हिला मारली. एकच, दंडावर. पण मारली.

उशी फ्रॉकमध्ये कोंबली, कमरेवर हात ठेवला आणि घरभर फिरली. "आई गं. मेले. कुणाला पडलंय माझं." हा हसून हसून डोळे पुसत होता. मी भांडी आपटत होते. मग तिने दोन चमचे घेतले. मोठा चमचा म्हणाला, "तुला जमणार नाही." छोटा म्हणाला, "जा ना मग." मोठा म्हणाला, "आवाज कमी." छोटा म्हणाला, "नाही करत." आणि छोटा मोठ्याच्या डोक्यात बसला, एकदा, दोनदा, तीनदा. तेव्हा मारली.

ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने उशीला मारली. दंडावर मारतात तशी, बाजूने.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. याने दार वाजवलं, मी उघडलं नाही. आम्ही असे आहोत का? दोन चमचे? याला मी शेवटचं गोड कधी बोलले ते आठवत नाही. त्याला तरी कुठे आठवत असणार!

२६ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरीण म्हणाली, पाय सुजलेत, जास्त वेळ उभं राहू नका. म्हटलं, हल्ली बसूनच असते. खोटं थोडंच आहे?

सहा मार्चची परीक्षा ठरली. मुद्दाम गुरुवार घेतला. हा आपली माणसं मंगळवारी नेतो, बाई आपली गुरुवारी. परीक्षक एकच.

चढ जमत नाहीये. गाडी चढावर थांबवायची आणि मागे न घरंगळता पुन्हा काढायची. मागे एक पिवळी पट्टी असते, तिला चाक लागलं की नापास. तीनदा केलं, तीनदा लागलं. तिसऱ्यांदा मागच्या सीटवरून ब्रेकचा पाय आपटल्याचा आवाज आला. मी ओरडले तिच्यावर.

२ मार्च, रविवार

दुपारी याचा शहाणपणा उतू गेला. इस्त्रीची फळी खुर्चीला टेकवून चढ केला आणि पोरीची लाकडी गाडी घेऊन बसला. "हे बघ, ब्रेकवरून पाय लगेच नाही काढायचा. आधी क्लच सोडत आणायचा, हळू, हळू. गाडी थरथरली ना, की समजायचं तिला निघायचंय. मग ब्रेक सोड. घाई करतात ते मागे जातात." अर्धा तास! पावणेतीन वर्षांच्या पोरीला क्लच! मी समोर कपड्यांच्या घड्या घालत होते. हा मोठ्या मोठ्याने, माझ्या कानात ओतल्यासारखा. किती येतं मला, किती कळतं मला – दुसरं काही सुचतच नाही याला. शेवटी मी उठून फळी काढून घेतली. म्हटलं, इस्त्री करायची आहे.

केली नाही.

४ मार्च, मंगळवार

चढ जमला. पाचपैकी चारदा. गाडी थरथरेपर्यंत थांबले. बाई म्हणाल्या, आज काय खाऊन आलीस?

हे याच्यामुळे नाही. सराव झाला म्हणून.

६ मार्च, गुरुवार

परीक्षा झालीच नाही! आजारपणाची खोटी रजा टाकून, पोरीला बरोबर घेऊन, मैदानावर उन्हात दोन तास उभी. परीक्षक आलाच नाही. कुणीतरी येऊन सांगितलं, मीटिंग आहे, पुढच्या गुरुवारी या. पाय खांबासारखे झालेत. एक पोट पुढे, एक पोर कडेवर, आणि सगळे टकामका बघताहेत. एक म्हातारा म्हणाला, या अवस्थेत कशाला? तुमच्या अवस्थेत तरी कशाला, असं म्हणणार होते. म्हटलं नाही.

पुढचा गुरुवार म्हणजे तेरा. चौदाला कॉपी द्यायची. बरं, त्या दिवशी पास झालं की चिठ्ठी हातात मिळते, तेवढी चालेल असं लॅबमधल्या मोठ्या बाई म्हणाल्या. म्हणजे एकच खेळी. आणि त्याआधी कळा सुरू झाल्या तर? आतल्याला सांगून ठेवलंय – तेरापर्यंत गप्प बस. हात जोडून नाही, दरडावून सांगितलं.

७ मार्च, शुक्रवार

हसऱ्याने आज माझी खुर्ची स्वतःच्या टेबलाकडे ओढून बघितली. "ही जरा बरी आहे, ताई." मी तिच्यावर बसले. संध्याकाळपर्यंत उठलेच नाही.

९ मार्च, रविवार

हा गाडी धुवायला म्हणून पोरीला घेऊन मैदानावर गेला. मी दोन तास मेल्यासारखी झोपले. पोरगी चिखलाने माखून आली, हाही. पुसायला कोण? मीच! याने निदान तिचे बूट तरी काढायचे. चांगलं सुनावलं. तो ऐकून घेत होता. आजकाल उलट बोलतच नाही, त्याचाही राग येतो.

१२ मार्च, बुधवार

झोप नाही. आरसा, इंडिकेटर, खांदा. आरसा, इंडिकेटर, खांदा.

१३ मार्च, गुरुवार

पास!!

आठचा आकडा नीट. उलटी गाडी लावणं नीट. मग चढ. थांबवली. क्लच आणला वर, थरथरली – आणि नेमकं तेव्हाच आतून बरगडीत लाथ. पाय सुटला. गाडी मागे गेली. किती? वीतभर. फार तर वीतभर. मग सावरली आणि वर नेली.

परीक्षक कागदाकडे बघत होता. पेन थांबलेलं. मला वाटलं, संपलं. त्याने माझ्या पोटाकडे एकदा बघितलं, खूण केली, शिक्का मारला. म्हणाला, "तब्येत सांभाळा, बाई." एवढंच.

चष्मेवाल्या बाई दोरीपलीकडे पोरीला घेऊन उभ्या होत्या. परत येताना विचारलं, "पट्टीला चाक लागलं ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. नाहीच लागलं! लागलं असतं तर त्याने लिहिलं असतं. तो रोज पन्नास माणसं नापास करतो, त्याला माझी कशाला दया येईल? त्याचा कडकपणा तर नवऱ्याला तोंडपाठ – पट्टीला लागलं की घरी, हे वाक्य मी या घरात सहा वर्षं ऐकतेय.

स्वतःच्या बळावर. कुणाच्या शेजारच्या सीटवरून नाही, कुणाच्या जादा ब्रेकवर नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी पूर्ण माझं आहे.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी नऊला कॉपी टेबलावर. मोठ्या बाईंनी चष्मा लावून वाचली, उलटी केली, पुन्हा वाचली. "बरं." दुपारी हुकूम निघाला, माझ्या नावाने. हसरा आज हसला नाही. सोमवारपासून माझी रजा. परत येईन ती गाडी घेऊनच!

आणि रात्रीच्या जेवणाला ती चिठ्ठी याच्या ताटाशेजारी ठेवली. सहा वर्षं या क्षणाची वाट बघितली होती, शब्द तयार होते, शंभरदा घोकलेले – तुझी भिंत घे, तुझ्या विटा घे. बघितलं त्याने. उचलली.

"चढ कसा गेला?"

"लोण्यासारखा."

त्याने मान हलवली. हात पुसून चिठ्ठी नीट घडी घालून मला परत दिली. म्हणाला, फोटो बरा आलाय. आणि जेवायला लागला. फोटो बरा आलाय! कुठे शिकले, कधी शिकले, पोटाने कसं जमवलं – एक प्रश्न नाही. जळला मनातून, दुसरं काय. पचलं नाही त्याला. मला इतका आनंद झाला की दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

१६ मार्च, रविवार

हा अंघोळीला गेला होता. पोरगी साबणाची रिकामी डबी कानाला लावून खिडकीशी उभी. एक हात पाठीमागे. आवाज खाली आणलेला, बाहेरच्या मोठ्या माणसाशी बोलताना हा आणतो तसा. मध्ये मध्ये थांबून, पलीकडचं ऐकून घेत.

"हॅलो साहेब… हो… आमच्या मिसेस… गुरुवारी येतील… चढावर जरा बघून घ्या… हो, हो… मी सांगितलं म्हणू नका."

मी तिला म्हटलं, पुन्हा बोल. पुन्हा बोलली. तेच, त्याच ठिकाणी थांबून. आमच्या मिसेस! या घरात हा शब्द कुणी उच्चारत नाही. तिला तो माझ्याकडून मिळालेला नाही.

"कोण साहेब गं?"

तिने डबी माझ्या हातात दिली. "तू बोल."

मी कानाला लावली. म्हटलं, "साहेब, माझी परीक्षा पुन्हा घ्या."